पाच कोटींवरच्या उत्पन्नाला आयकराचा दर पुन्हा वाढवावा का?

खतावणी

२०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीतला सगळ्यात वरचा अधिभार, म्हणजे कराच्या रकमेवर लागणारा जादा कर, ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे पाच कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा कमाल दर ४२.७४४ वरून ३९ टक्क्यांवर उतरला. ही सूट द्यायला नको होती, आणि ती परत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

२०२५-२६ च्या दरांनी हिशेब करू. करपात्र उत्पन्न ६ कोटी, सगळं पगाराचं. पहिल्या २४ लाखांवर टप्प्याटप्प्याने ३ लाख कर, उरलेल्या ५ कोटी ७६ लाखांवर ३० टक्क्यांनी १ कोटी ७२ लाख ८० हजार. बेरीज १ कोटी ७५ लाख ८० हजार. त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून सुमारे २ कोटी २८ लाख ५४ हजार. अधिभार ३७ टक्के असता तर सुमारे २ कोटी ५० लाख ४८ हजार झाले असते. म्हणजे एका माणसामागे जवळपास २२ लाखांचा फरक.

दुसरीकडे २४ लाख ओलांडले की पुढच्या प्रत्येक रुपयावर ३० टक्के लागतात. पंचवीस लाखवाल्याचा आणि पन्नास लाखवाल्याचा वरचा टप्पा एकच. चढत्या दराचं तत्त्व आपण खालच्या सात टप्प्यांत इतकं बारकाईने पाळतो, मग वर गेल्यावर ते सोडून का देतो?

ताळेबंद

हिशेब बरोबर आहे, पण उदाहरण पगाराचं घेतलंत तिथेच गफलत आहे. पगारदाराचा कर मालक टीडीएस कापूनच भरतो, तो कुठे जाणार? खरे श्रीमंत पगारावर श्रीमंत झालेले नसतात.

तेच ६ कोटी शेअर बाजारातल्या दीर्घकालीन भांडवली नफ्याचे धरा. दर १२.५ टक्के, सव्वा लाख माफ, आणि या नफ्यावरचा अधिभार १५ टक्क्यांच्या वर जातच नाही. उपकरासह दर पडतो १४.९५ टक्के, कर ८९ लाखांच्या आसपास. आता २७ लाख करपात्र पगाराचा माणूस घ्या. त्याचा कर ४ लाख ५ हजार ६००, म्हणजे सरासरी १५ टक्के. सहा कोटींचा नफा आणि सत्तावीस लाखांचा पगार, दोघांचा सरासरी दर एकच! अधिभार ३७ करा नाहीतर ५० करा, पहिल्याच्या करात एक रुपयाही वाढणार नाही.

धंद्याच्या उत्पन्नाला तर वाटा तयारच आहेत. एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) सपाट ३० टक्के, एक कोटीच्या वर १२ टक्के अधिभार, उपकर धरून ३४.९४४. भागीदाराच्या हातात आलेला नफ्याचा वाटा करमुक्त. आज ३९ आणि ३४.९४४ यांत चार टक्क्यांचं अंतर आहे. तुमच्या सूचनेने ते ७.८ टक्के होईल. चार टक्क्यांसाठी जो धंद्याची घडी बदलत नाही, तो आठ टक्क्यांसाठी बदलेल.

प्रायव्हेट लिमिटेडचा मार्गही आहेच. सप्टेंबर २०१९ पासून २२ टक्क्यांचा पर्याय मिळाला, अधिभार-उपकरासह २५.१६८. लाभांश काढला तर त्यावर कमाल ३५.८८ टक्के लागून एकूण बोजा ५२ टक्क्यांवर जातो, हे खरं. पण ज्याला घरखर्चासाठी पैसे लागत नाहीत तो लाभांश काढतच नाही. पैसा कंपनीत राहतो, तिथेच गुंतवला जातो. शेअर तारण ठेवून कर्ज काढलं तर ते उत्पन्न धरलंच जात नाही.

कोकणकडा

ताळेबंद यांच्याशी सहमत, आणि थोडा इतिहास जोडतो. १९७३-७४ मध्ये कमाल दर ९७.७५ टक्के होता: मूळ ८५, त्यावर १५ टक्के अधिभार. तोही दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नाला. त्याआधीच, १९७१ मध्ये, वांच्छू समितीने करचुकवेगिरीच्या कारणांत या अवाजवी दरांना पहिलं स्थान दिलं होतं आणि कमाल दर ७५ टक्क्यांवर आणा असं सांगितलं होतं. १९७४-७५ पासून दर उतरू लागला: ७७, मग ६६, १९८५ मध्ये ५०, १९९७ मध्ये ३०.

अधिभाराच्या रचनेतच एक खोट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तो टप्प्याच्या वरच्या रकमेवर नाही, सगळ्या करावर लागतो. ५० लाखांवर कर १० लाख ८० हजार, अधिभार शून्य. उत्पन्न ५१ लाख झालं की कर ११ लाख १० हजार आणि अधिभार १ लाख ११ हजार. एक लाख जास्त कमावले आणि कर १ लाख ४१ हजारांनी वाढला. म्हणून मार्जिनल रिलीफ देतात, वरचे ४१ हजार सोडतात. पण ४ टक्के उपकर रिलीफनंतर मोजला जातो. त्यामुळे एक लाख जास्त मिळवणारा १ लाख ४ हजार जास्त कर भरतो! ५० लाख ते साधारण ५१ लाख ६१ हजार या पट्ट्यात हेच होतं. दोन कोटींच्या वर हा पट्टा जवळजवळ ९ लाखांचा आहे. ३७ टक्के परत आणले तर पाच कोटींच्या वर सुमारे ३० लाखांचा आणखी एक पट्टा तयार होईल. मार्चअखेर बोनस पुढच्या वर्षावर ढकलायची विनंती येते ती अशा पट्ट्यांमुळे.

वैनगंगा

दर वाढवायला माझी हरकत नाही, अधिभाराला आहे. राज्यघटनेच्या २७० व्या कलमानुसार अधिभार आणि उपकर केंद्र-राज्य वाटपात येतच नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी वाटपयोग्य रकमेतले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. त्या हिशेबाने वाटपात येणाऱ्या १०० रुपयांतून महाराष्ट्राला २ रुपये ५९ पैसे. अधिभाराच्या १०० रुपयांतून काहीच नाही. श्रीमंतांकडून जास्त घ्यायचं असेल तर मूळ दरात ३५ टक्क्यांचा नवा टप्पा घाला. राज्यांना वाटा मिळेल आणि कोकणकडा सांगतात ती खोटही जाईल, कारण टप्प्याचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो.

राज्याच्या हातात काय उरतं तेही बघा. घटनेच्या २७६ व्या कलमाने व्यवसाय कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० भरतो. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी, त्यापुढे तेवढेच. पाच कोटी पगार असला तरी तेवढेच. मला हे फार खटकतं.

मांडवीकाठ

कोणावर कर लावायचा, हा प्रश्न कोणीच घेतलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेखाली मालमत्ता पती-पत्नीची सामायिक असते. म्हणून आयकर कायद्यातही तरतूद आहे की अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. ३ कोटींचा धंद्याचा नफा एकट्याच्या नावावर असेल तर कर सुमारे १ कोटी ११ लाख ५४ हजार. गोव्यात तो दीड-दीड कोटी होतो, अधिभार २५ ऐवजी १५ टक्के लागतो आणि दोघांचा मिळून कर सुमारे ९७ लाख ५९ हजार. जवळपास १४ लाखांचा फरक. सावंतवाडीच्या उद्योजकाला ही सोय नाही. वरचे दर जितके तीव्र कराल तितकी ही दरी रुंदावेल.

खतावणी

वैनगंगा यांचा मुद्दा मला पूर्ण पटला. अधिभाराऐवजी मूळ टप्पा हीच योग्य वाट, मी माझी मागणी तशी बदलतो.

ताळेबंद, पळवाटा आहेत म्हणून दर वाढवू नये हे मात्र मान्य नाही. पळवाटा बुजवता येतात. शेअर किंवा जमीन विकून घर घेतलं तर भांडवली नफ्यावर मिळणाऱ्या सवलतीला पूर्वी रकमेची मर्यादा नव्हती. ज्या २०२३ च्या अर्थसंकल्पाने वरचा दर उतरवला, त्यानेच तिथे दहा कोटींची मर्यादा घातली. तसंच मोठ्या भांडवली नफ्याचं करता येईल: वर्षाला एक कोटीपर्यंत १२.५ टक्के राहू द्या, त्यापुढे २० टक्के.

आणि कोकणकडा, ९७.७५ टक्क्यांचा दाखला ४२ टक्क्यांना लागू होत नाही. शंभरातले सव्वादोन रुपये हातात उरणं आणि सत्तावन्न उरणं यांत माणसाचं वागणं सारखं कसं असेल?

ताळेबंद

भांडवली नफ्यावर २० टक्के लावाल तर महागाईचं काय? २०२४ पासूनच्या १२.५ टक्क्यांत इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईने वाढवून धरणं, नाही. १ कोटीचे शेअर दहा वर्षांनी २ कोटी २० लाखांना विकले आणि महागाई वर्षाला ५ टक्के होती असं धरा. मूळ कोटीची आजची किंमत १ कोटी ६३ लाख. खरा नफा ५७ लाख, कर मात्र १ कोटी २० लाखांवर: अधिभाराशिवायच १५ लाख. खऱ्या नफ्याच्या २६ टक्के झाले. शिवाय त्या कंपनीने आपल्या नफ्यावर २५ टक्के आधीच भरलेत. खरेदीची किंमत महागाईने वाढवून धरणार असाल तर २० टक्क्यांना माझा विरोध नाही. ते न करता दर वाढवला तर तेवढाच नफा पंधरा वर्षं थांबून मिळवणाऱ्या गुंतवणूकदाराला तो दोन वर्षांत मिळवणाऱ्यापेक्षा जास्त मार बसेल.

खतावणी

इंडेक्सेशन द्या, पण फक्त एक कोटीच्या वरच्या नफ्याला आणि पाच वर्षांहून जास्त ठेवलेल्या शेअरना. आणि ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा त्या दिवसाच्या बाजारभावाने आधीच माफ आहे, त्यामुळे त्याआधीच्या खरेदीला महागाईची मोजणी त्या तारखेपासूनच करायची. नाहीतर एकाच नफ्यावर दोनदा सूट मिळेल.