कॅस्टर दुर्बिणीतून दोनच दिसतो, मग सहा तारे आहेत हे ठरवलं कसं?

भटकी_नजर
मंडळी, प्रश्न बेसिक आहे पण डोक्यातून जात नाहीये. मिथुन राशीत पुनर्वसूचे ते दोन ठळक तारे आहेत ना, कॅस्टर आणि पोलक्स, त्यातला कॅस्टर हा एक तारा नसून सहा ताऱ्यांचं कुटुंब आहे असं वाचलं. नुसत्या डोळ्यांना तर एकच ठिपका. माझ्याकडे ७० मिमीची छोटी दुर्बीण आहे, त्यातून शंभरपटीच्या आसपास मोठा करून बघितला तर दोन पांढरे तारे चिकटून पण स्पष्ट वेगळे दिसले, भारी वाटलं एकदम. पण दोनच! बाकीचे चार कुठायत? आणि दिसत नाहीत तर ते आहेत हे कशावरून ठरवलं, म्हणजे गणित जुळावं म्हणून धरलेत का खरंच मोजलेत? अजून एक, सहा तारे एकमेकांभोवती फिरतायत तर एखादा बाहेर कसा फेकला जात नाही? तीन वस्तूंचंच गणित सुटत नाही म्हणतात.

रेषावाचक
धरलेले नाहीत, सहाच्या सहा मोजलेले आहेत. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच पद्धतीने सापडलेले नाहीत, जोडतारे (एकमेकांभोवती फिरणारे तारे) शोधायच्या जेवढ्या मुख्य पद्धती आहेत त्या जवळपास सगळ्या या एका ठिपक्यावर वापरून झाल्यात. म्हणून मला हा तारा फार आवडतो.

तुम्ही जे दोन बघितले ते कॅस्टर ए आणि बी. ए साधारण १.९ प्रतीचा, बी ३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद). हे दोन आहेत हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं पण तेव्हा समज असा की एक जवळ, एक लांब, आपल्याला योगायोगाने एका रेषेत दिसतायत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षलने अशा जोड्या मोजायला घेतल्या त्या दुसऱ्याच कारणासाठी, त्याला जवळच्या ताऱ्याचं अंतर काढायचं होतं, लांबचा तारा खुणेसारखा वापरून. पण वर्षानुवर्षं मोजल्यावर दिसलं की कॅस्टरचा बी हा ए भोवती सरकतोय. इथे एक जुनी नोंद त्याच्या कामी आली, ती मला कायम थक्क करते. ब्रॅडली या त्याच्या आधीच्या खगोलशास्त्रज्ञाने १७५९ मध्ये बघून ठेवलं होतं की या दोघांना जोडणारी रेषा कॅस्टर ते पोलक्स रेषेला समांतर आहे. बास, एवढंच. पण हर्षलच्या वेळी ती समांतर राहिली नव्हती, आणि किती फिरली ते मोजता आलं! १८०३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. गुरुत्वाकर्षण सूर्यमालेच्या बाहेरही चालतं याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा म्हणायला हरकत नाही. एक फेरी साधारण ४६० वर्षांची आहे, म्हणजे हर्षलपासून आजपर्यंत एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही.

आता लपलेले. ए चा प्रकाश वर्णपटात, म्हणजे इंद्रधनुष्यासारख्या रंगांच्या पट्ट्यात, पसरवला की हायड्रोजनच्या काळ्या रेषा दिसतात. त्या रेषा जागच्या जागी राहत नाहीत, कधी निळ्याकडे सरकतात कधी तांबड्याकडे, आणि ९.२ दिवसांनी पुन्हा तिथेच येतात. तारा आपल्याकडे येतोय, लांब जातोय, परत येतोय, म्हणजे त्याला कोणीतरी फिरवतंय. हा साधा डॉप्लर परिणाम, जवळ येणाऱ्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे. बी चंही तेच, फक्त २.९ दिवसांत. दोन्हीकडे ओढणारा जोडीदार तांबडा बटू, म्हणजे छोटा थंड तारा आहे, इतका मंद की त्याच्या स्वतःच्या रेषा मोठ्याच्या उजेडात दिसतच नाहीत, मोठ्याच्या हालचालीवरूनच तो कळतो. तुमचा 'कशावरून' हा प्रश्न खरं तर इथेच लागू पडतो, कारण शंभरेक वर्षं हे दोघे फक्त रेषांच्या सरकण्यावरून माहीत होते. पण आता तेही वेगळे बघून झालेत, माउंट विल्सनवर चारा म्हणून सहा दुर्बिणींची रांग आहे, त्यांचा प्रकाश एकत्र करून दोन्ही जोडीदार वेगळे काढले, २०२२ मध्ये निकाल आला. वजनं पण मिळाली, ए मधला मोठा सूर्याच्या सुमारे २.४ पट, बी मधला १.८ पट आणि छोटे दोघे साधारण ०.४.

झाले चार. उरलेले दोन म्हणजे कॅस्टर सी, हे ए-बी पासून सव्वा कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब, नवव्या प्रतीचे. दोन्ही तांबडे बटू, जवळजवळ जुळेच, आणि त्यांची कक्षा आपल्याकडे कडेने आहे त्यामुळे ते एकमेकांना झाकतात. १९.५ तासांत एक फेरी, म्हणजे दर पावणेदहा तासांनी एक ग्रहण. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या यादीत यांना वायवाय जेमिनोरम म्हणतात.

दुहेरी_दुहेरी
वर उत्तर मस्त दिलंय, मी फक्त फेकले कसे जात नाहीत त्यावर लिहिते. तीन वस्तूंचं गणित सुटत नाही याचा अर्थ कायमचं एक नीटस सूत्र मिळत नाही एवढाच, प्रत्येक तिकडी अस्थिर असते असा नाही. सगळा खेळ अंतरांचा आहे. कॅस्टर ए मधले दोघे एकमेकांपासून किती लांब, तर सूर्य-बुध अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. बी मधले त्याहून जवळ. पण ए ची जोडी ते बी ची जोडी हे अंतर सरासरी नेपच्यूनच्या कक्षेच्या तिप्पटीहून जास्त आहे, आणि सी तर या सगळ्यांपासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीपेक्षाही लांब. एवढ्या लांबून बी ला ए ची जोडी एकच वजन असल्यासारखी भासते, सी ला चौघे मिळून एक. म्हणजे सहा ताऱ्यांचा घोळका नाहीच हा, प्रत्येक पायरीवर दोघांचंच गणित चालू आहे आणि ते तर न्यूटनपासून सुटलेलं आहे. एकत्र बांधलेल्या भांड्यांच्या उतरंडीसारखं समजा.

उलट उदाहरण हवं तर मृगाच्या तेजोमेघातला ट्रॅपेझियम हा ताऱ्यांचा झुबका बघा, तिथले मुख्य तारे एकमेकांपासून साधारण सारख्याच अंतरांवर आहेत आणि ती रचना टिकाऊ नाही, तारे तरुण आहेत म्हणून अजून एकत्र दिसतात. कॅस्टरचं वय तीस कोटी वर्षांच्या घरात आहे तरी घडी मोडलेली नाही, कारण घडीच तशी आहे.

सप्तर्षी_फॅन
कॅस्टर आवडला तर पुढचा नंबर सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीचाच, तिथेही सहाच तारे आहेत पण सुरुवात नुसत्या डोळ्यांनी होते. दोघांत १२ कलांचं अंतर, नजर ठीक असेल आणि आकाश बरं असेल तर अरुंधती वेगळी दिसते. मग दुर्बीण लावा, वसिष्ठाचे दोन होतात, १४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), तुमच्या ७० मिमीला हे कॅस्टरपेक्षा पुष्कळ सोपं. त्या दोघांतला प्रत्येक परत जोडतारा, आणि अरुंधतीचाही एक मंद जोडीदार २००९ मध्ये सापडला.

रेषांचा विषय निघालाय म्हणून सांगतो, वर्णपटावरून सापडलेला जगातला पहिला जोडतारा हाच, वसिष्ठ ए (वसिष्ठाच्या दोघांतला ठळक), खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगने १८८९ मध्ये जाहीर केला. इथे दोन्ही तारे साधारण सारखे तेजस्वी आहेत त्यामुळे रेष नुसती सरकत नाही, चक्क एकीच्या दोन होतात आणि मग परत एक! २०.५ दिवसांची फेरी आहे.

पण एक सावधगिरी. वसिष्ठ आणि अरुंधतीच्या मध्ये आठव्या प्रतीचा अजून एक तारा दिसेल, तो यांच्यातला नाही, कितीतरी मागे आहे. १७२२ मध्ये एकाने बघून तो नवा ग्रह समजला होता. जवळ दिसतो म्हणून कुटुंबातला धरायचा नाही, सोबत सरकतोय का ते बघायचं.

भटकी_नजर
अरे वा, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. ते १७५९ चं समांतर रेषेचं वाचून तर आता परत जाऊन दिशा नीट बघावीशी वाटतेय. एक राहिलंच, सी माझ्या दुर्बिणीत दिसेल का? आणि त्यांचं ग्रहण पकडता येईल?

रेषावाचक
दिसेल की. ७० मिमीला नववी प्रत जड नाही, अडचण फक्त ए-बी च्या झगमगाटाची आहे. चंद्र नसताना बघा, तारा डोक्यावर आलेला असताना, आणि पन्नास-साठपटीचा आयपीस पुरे. ए-बी पासून दक्षिणेला मंद तांबूस ठिपका शोधा, त्यांच्या आपसातल्या अंतराच्या बारा-तेरापट लांब. दक्षिण कुठली हे कळत नसेल तर ट्रॅकिंग बंद करा, तारे ज्या बाजूला सरकतील ती पश्चिम, त्यावरून ठरवा. आरसा लावलेला असेल तर डावं-उजवं उलटं होतं तेवढं लक्षात ठेवा.

ग्रहण पण जमेल, ऐन ग्रहणात प्रकाश निम्म्याच्या आसपास येतो आणि दोन-एक तासांत सगळं आटोपतं. आधी त्याच दृश्यात साधारण तेवढ्याच तेजाचा दुसरा एखादा तारा ठरवून ठेवा, मग दर दहा मिनिटांनी सी त्याच्यापेक्षा उजळ का मंद एवढंच वेळेसकट लिहा. कॅमेरा जोडता येत असेल तर फोटो काढून मोजणं जास्त खात्रीचं, फक्त एक्स्पोजर सी साठी ठेवा, ए-बी जळाले तरी चालतील. आणि मध्येच सी अचानक उजळलेला दिसला तर तो आकडा गाळू नका, हे दोन्ही बटू भडकणारे तारे आहेत, कदाचित फ्लेअरच, म्हणजे तसा अचानक भडकाच, पकडलेला असेल.