दोन नोकऱ्यांच्या मधला विमा

*सोसायटी ग्रुप, कासारवडवली, घोडबंदर रोड*

सी-५०३: नमस्कार मंडळी. मेडिक्लेममधलं कोणाला कळतं का? ऐरोलीच्या कंपनीत माझा नोटीस पिरियड चालू आहे, पुढच्या महिनाअखेरीला शेवटचा दिवस. पुण्याची नवी कंपनी त्यानंतर अडीच महिन्यांनी घेणार. तेवढ्यापुरता विमा मिळतो का? आईला शुगर आहे, ती आत्ता कंपनीच्या पॉलिसीत आहे.

ए-२०४: करोनात मिळायचा की साडेतीन महिन्यांचा. आम्ही काढला होता.

बी-११०१: ते कोरोना कवच. २०२० च्या जुलैत इर्डाने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना काढायला लावलं होतं. साडेतीन, साडेसहा नाहीतर साडेनऊ महिने. पण ते करोनापुरतंच. त्याच काळात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असतं तर खिशातूनच भरावं लागलं असतं.

डी-३०२: हे बघा, मला कालच आलंय. ९० दिवसांचं कव्हर, हप्ता अगदी किरकोळ. लिंक टाकते.

बी-११०१: ताई, लिंक नको, आतलं वाचा. हे हॉस्पिटल कॅश आहे. दाखल झालात तर दिवसाला ठरलेली रक्कम हातात, बिल किती का येईना. ठाण्यातल्या बऱ्या हॉस्पिटलात दोन दिवस आयसीयूत काढले की ती रक्कम चहापाण्याला पुरेल. वाईट नाही, पण त्याला मेडिक्लेम म्हणू नका.

सचिव: टँकर चारला येतोय. विंग ए, बी ने पाणी भरून ठेवा. विम्याचं चालू द्या.

सी-५०३: काका, मग मी करू काय?

बी-११०१: सविस्तर लिहितो, जन्म क्लेमच्या टेबलावर गेलाय.

आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचा खरा मेडिक्लेम शोधत बसू नका. नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. तुमच्या अडीच महिन्यांतला एक तिथेच गेला. म्हणून पॉलिसी नोकरी सुटल्यावर नाही, आत्ता घ्या. कंपनीचं कव्हर चालू असतानाच ते ३० दिवस संपून जातील. बहुतेक ठिकाणी ग्रुपचं, म्हणजे कंपनीने सगळ्यांसाठी काढलेलं कव्हर शेवटच्या दिवशीच बंद होतं, तेव्हा एक दिवसही मोकळा राहत नाही.

वर्षाचा हप्ता वाया जाईल ही भीती सोडा. २०२४ च्या नियमांनुसार सात दिवसांची लेखी नोटीस देऊन वर्षाची पॉलिसी मध्येच बंद करता येते. क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मिळतो. म्हणजे वर्षाची पॉलिसीच तुमची अल्पमुदतीची पॉलिसी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य, आधी १८ टक्के होता. माझं मत विचाराल तर बंद करूच नका. पुढची कंपनी काय देईल याचा काय भरवसा!

सी-५०३: आणि आई? तिला नवीन कोण घेणार?

बी-११०१: खरा मुद्दा हाच. नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पण ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. कंपनी तपासण्या मागेल, हप्ता वाढवेल, तरी विचाराच. आणि हे नोकरीत असतानाच. सुटल्यावर एचआर फोन उचलत नाही.

ए-७०१: अमेरिकेत मिळतो हो असा थोड्या महिन्यांचा विमा. जावयाची नोकरी गेली तेव्हा डॅलसला बघितला होता त्यांनी.

बी-११०१: मिळतो. पण तिथेही तो जुने आजार धरत नाही, बाळंतपण सहसा नाही. सप्टेंबर २०२४ पासून मुदत तीन महिने, वाढवून चार असा नियम झाला. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनेच सांगितलं की याच्या अंमलबजावणीवर भर देणार नाही. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून विकायलाच बंदी.

ए-७०१: हो, म्हणून त्यांनी घेतला नाही. जुन्या कंपनीचाच पुढे चालू ठेवला, कोब्रा म्हणतात त्याला. हप्ता ऐकून आमच्या ह्यांना घाम फुटला.

डी-३०२: काका, माझ्या सासऱ्यांना ७४ चालू आहे, त्यांना काय घेऊ?

बी-११०१: आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, सरकारी योजना आहे. ७० च्या पुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख. फक्त हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का बघून ठेवा.

सी-५०३: काका, आरोग्य संजीवनी नावाची पॉलिसी स्वस्त दिसतेय. पाच लाखांची घेऊ?

बी-११०१: घ्या, पण खोलीचं भाडं बघून. दिवसाला जास्तीत जास्त ५,००० धरतात. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत तर फरक फक्त ३,००० चा नाही. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापतात. त्या खर्चाचे दोन लाख झाले तर धरणार सव्वा लाख, त्यातलेही ५ टक्के तुमच्या खिशातून. डिस्चार्जच्या काउंटरवर भांडणारी माणसं मी ह्याच एका ओळीपायी पाहिली आहेत, आणि ओळ पॉलिसीत छापलेली असते. दोन पैसे जास्त जाऊ देत, खोलीला मर्यादा नसलेली बघा. आणि फॉर्मवर आईची शुगर लपवू नका, एजंट कितीही म्हणाला तरी.

ए-२०४: आमचा एजंट तेच म्हणाला होता 🙈

बी-११०१: म्हणणारच. क्लेम नाकारला की तो कुठे असतो?

सी-५०३: एचआरला काय लिहू?

बी-११०१: तीनच गोष्टी. कव्हर नक्की कोणत्या तारखेला संपतं, विमा कंपनी कोणती आणि पॉलिसी नंबर काय, मायग्रेशनचा अर्ज कोणाकडे. मेलवरच विचारा. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं कार्ड म्हणजे पॉलिसी नव्हे, त्यावर भागवू नका.

सी-५०३: टाकला मेल. लगेच उत्तर आलं: संबंधित टीमकडून माहिती घेऊन कळवतो.

बी-११०१: सोमवारी परत टाका. मंगळवारी पण.