शब्दचर्चा : कवडीमोल आणि फुटकी कवडी

प्रश्न : ‘कांदा कवडीमोल भावाने गेला’ आणि ‘त्याच्याजवळ फुटकी कवडी नाही’, दोन्हींकडे कवडी म्हणजे काहीच नाही असंच ना? मग एकीलाच ‘फुटकी’ का? आणि कवडी हा शिंपल्याचा प्रकार का?

उत्तर : नाही हो, कवडीमोलात मोल आहे! कवडी हे खरोखरचं चलन होतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक येतं : 20 वराटकांची 1 काकिणी, 4 काकिणींचा 1 पण, 16 पणांचा 1 द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. म्हणजे एका द्रम्माच्या 1280 कवड्या झाल्या. तेव्हा कवडीमोल म्हणजे अगदी तळाचा भाव, पण भाव. गाडीभाडंसुद्धा सुटत नाही तेव्हा शेतकरी हा शब्द वापरतो तो अगदी नेमका. फुकट वाटलं त्याला कवडीमोल म्हणू नये. फुटकी मात्र कुणी घेईना, म्हणून माझ्या मते शून्य तिथे सुरू होतं.

शब्द संस्कृत ‘कपर्दिका’वरून आला. दीपचा दिवा झाला तसाच इथेही प चा व.

आणि शिंपला नव्हे. शिंपल्याला दोन झाकणं असतात. कवडी एकसंध, समुद्री गोगलगायीचं घर. चलनातल्या कवडीला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये ‘मोनेटा’ नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नाणं. ती मालदीवहून यायची, बदल्यात बंगालचा तांदूळ जायचा. जिवंतपणी प्राण्याचं मऊ अंग दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकतं, म्हणून पाठीला ती उपजत चकाकी. हे पाहून मी थक्क झालो होतो.

आणखी एक : आमच्याकडे घट्ट लागलेल्या दह्याची ‘कवडी’ पडते. चमच्याने काढलेला तो पांढरा, गुळगुळीत तुकडा बघा, नाव कुठून आलं ते सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. तुमचं वाचून आजीच्या परडीतली कवड्यांची माळ काढली. एका बाजूला दातेरी फट, दुसरीकडे दोरा जावा म्हणून पाठ कापलेली. मग या सगळ्या फुटक्याच की!

उत्तर : छे! देवीच्या माळेतली कवडी ‘ओवलेली’. फुटकी म्हणालात तर आजी रागावतील.