सह्याद्रीत पळायला ट्रेल शूज नेमके कसे पारखायचे?

बोरिवलीकर: रोडवर पळणं बरंच झालं, आता येऊर आणि माथेरानच्या वाटांवर पळायचंय. दुकानात सगळेच शूज दणकट दिसतात, आपल्या पावसात नक्की काय बघून घ्यावं?

कातळवेडा: नुसत्या लग्जच्या (तळाला असलेल्या रबरी दात्यांच्या) खोलीवर जाऊ नका भाऊ. ५-६ मिमीचे लग्ज चिखलात मस्त रुततात पण आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्ट, ओल्या कातळावर लग्जची फक्त टोकं टेकतात आणि तिथे सगळी मदार रबरावर असते. मिश्र वाटांना ४ मिमीच्या आसपास पुरे, रबर मऊ आणि चिकट हवं. ते डांबरावर पटकन झिजतं हेही खरंय. शेवाळावर मात्र कुठल्याच शूजचा भरवसा नाही, तिथे सरळ चालायचं.

मुलुंड_रनर: वॉटरप्रूफ तर अजिबात नको! ओढ्यात पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि मग निघतच नाही, तळवे भिजून पांढरे पडतात आणि फोड येतात. जाळीचेच घ्या.

ठाणेकर_ताई: संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळायचे मोजे घालूनच ट्राय करा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, नाहीतर उतारावर नखं काळी होतात. हाताने तळ वाकवून बघा, मधूनच दुमडला तर टोकदार दगड तळव्याला टोचणार, अशा वाटांना रॉक प्लेटवाला (तळात पातळ कडक थर असलेला) बरा.

बोरिवलीकर: खूप थँक्स सगळ्यांना, वॉटरप्रूफचाच विचार होता, आता जाळीचे बघतो. ताई, रुंद पंज्याला कुठला चांगला?