मदत हवी आहे: घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालेल अशी इलेक्ट्रिक व्हीलचेअर कोणती घ्यावी?

रानजाई:

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण माहिती अर्धवट दिली तर सल्लाही अर्धवट मिळेल म्हणून सगळं लिहिते.

माझ्या मिस्टरांना दोन वर्षांचे असताना, १९७२ साली, पोलिओ झाला. उजवा पाय पूर्ण गेला, डाव्यात थोडी ताकद राहिली. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर त्यांनी शाळा, कॉलेज, नोकरी, संसार सगळं केलं. गेल्या तीन वर्षांत मात्र खांद्यांनी साथ सोडली. डॉक्टरांनी पोस्ट-पोलिओ सिंड्रोम सांगितला. म्हणजे पोलिओतून जे स्नायू वाचले, त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाटचं कामही केलं आणि आता ते थकले. व्यायामाने ताकद परत येईल म्हणून रेटायला जावं तर उलट नुकसान होतं. त्यात उजव्या खांद्याचा स्नायू फाटलाय, त्यामुळे कुबडीवर भार द्यायला साफ मनाई आहे. कॅलिपर चढवून वॉकरने आठ-दहा पावलं जमतात, त्यापुढे नाही.

व्हीलचेअरला त्यांचा दोन वर्षं नकार होता. खुर्चीत बसलो की उठायचं संपलं, असं त्यांचं म्हणणं. मी कधी जबरदस्ती केली नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "घेऊ या. पण एकच अट, दाराबाहेर पडताना मला तुला हाक मारावी लागता कामा नये." तेव्हापासून मी झपाटल्यासारखी माहिती गोळा करतेय आणि जितकी मिळतेय तितका गोंधळ वाढतोय.

आम्ही साताऱ्यात जुन्या पेठेत राहतो. इथे सपाट रस्ता शोधावा लागतो. त्यांना जायचंय ते वाचनालयात, न्हाव्याकडे आणि संध्याकाळी राजवाड्याच्या चौपाटीवर मित्रांत. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, पण जाताना चढ, येताना उतार, मध्ये पेव्हर ब्लॉक, गटाराच्या जाळ्या आणि दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर.

घर तळमजल्यावर, १९८८ सालचं बांधकाम. मुख्य दार ३४ इंच, बेडरूमचं २९ (पल्ला उघडा ठेवून मोजलं, चौकट ते चौकट नाही), संडास-बाथरूमचं २३. पॅसेज ३७ इंच आणि बेडरूमचं दार त्याला काटकोनात. बाथरूमला दोन इंचांचा उंबरठा. बाहेर दोन पायऱ्या, मिळून १३ इंच.

दोन खुर्च्या बघितल्या. पहिली घडीची, अॅल्युमिनियमची, लिथियम बॅटरी, वजन २७ किलो, रुंदी ५८ सेंमी. पुढची चाकं आठ इंची, सगळे टायर भरीव. ७८ हजार. दुसरी मागच्या चाकांवर चालणारी, घडी होत नाही, मागची चाकं १४ इंची हवेची, पुढची दहा इंची, लेड-अॅसिड बॅटऱ्या, वजन सत्तरच्या आसपास, रुंदी ६२, फूटरेस्ट धरून लांबी १०८ सेंमी. एक लाख २८ हजार. आमचं बजेट दीड लाख, त्यातच रॅम्पही.

मोठी मुलगी बंगळुरूत असते. विमानात नेता येते म्हणून ती पहिलीच्या बाजूने आहे. दुकानदाराने वजन आणि बजेट सोडून तिसरा प्रश्न विचारला नाही. घरी आणून दाखवा म्हटलं तर "आधी पैसे भरा, मग डिलिव्हरीच्या वेळी बघा" म्हणाला.

चढावर यांतली कोणती टिकेल? बेडरूममध्ये दुसरी वळेल का? एकाच खुर्चीकडून घर आणि रस्ता दोन्हीची अपेक्षा करणंच चूक आहे का?

निवडुंग:

ताई, सगळ्यात आधी त्या दुकानदाराला सोडा. घरी आणून न दाखवता खुर्ची विकणाऱ्याकडून घेऊ नका, कितीही स्वस्त असो. मी स्वतः अकरा वर्षं इलेक्ट्रिक खुर्चीवर आहे (मणक्याची दुखापत) आणि ही तिसरी खुर्ची. पहिली मी अशीच घाईत घेतली होती, घडीची, हलकी. घरात झकास चालायची. रस्त्यावर पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं लहान चाक आडवं फिरून रुतायचं आणि मी हात वर करून कोणीतरी येण्याची वाट बघत बसायचो. तुमच्या मिस्टरांची अट वाचली आणि तेच दिवस आठवले.

म्हणून सांगतो. घडीच्या खुर्चीचा मुख्य फायदा म्हणजे दुसरा कोणीतरी ती उचलून गाडीत टाकू शकतो. त्यांना तर एकट्याने जायचंय. एकटा माणूस खुर्चीत बसलेला असताना खुर्ची २७ किलोची आहे की ७० ची, त्याला काय फरक पडतो? रस्त्यावर उलट वजनाने खुर्ची बसून राहते, उड्या मारत नाही.

चढाचं म्हणाल तर कॅटलॉगमधल्या अंशांवर जाऊ नका, चढावर थांबवून बघा. जॉयस्टिक सोडली की विजेचे ब्रेक लागतात आणि खुर्ची जागेवर खिळली पाहिजे. काही हलक्या खुर्च्या थांबण्याआधी वीतभर मागे घसरतात. उतारावर जॉयस्टिक एकदम सोडायची नाही, हळूहळू मधे आणायची. आणि मागे क्लचची दांडी असते, खुर्ची ढकलायची असेल तर मोटर सोडवण्यासाठी. ती ओढली की ब्रेकही सुटतात. घरातल्या प्रत्येकाला हे आजच सांगून ठेवा. उतारावर ती दांडी ओढणं म्हणजे खुर्ची सोडून देणं.

डोंबिवलीकर:

उलट अनुभव सांगतो. वडिलांसाठी मोठी रस्त्याची खुर्ची घेतली. आमच्या पॅसेजमध्ये ती वळलीच नाही. आता ती पार्किंगमध्ये असते आणि घरात साधी ढकलायची. दोन खुर्च्यांमधली उठबस वडिलांना जमत नाही, कोणीतरी धरावं लागतं. म्हणजे एकट्याने बाहेर जाणं कागदावरच राहिलं. घराचं माप आधी, रस्ता नंतर.

वळायला सगळ्यात सोपी ती मधल्या चाकांवर चालणारी, सहा चाकांची. जागच्या जागी फिरते. पण खडबडीत जागी पुढची-मागची चाकं टेकतात आणि मधली, म्हणजे मोटरची, अधांतरी राहतात. शिवाय आम्हाला मिळालेली किंमत तुमच्या बजेटच्या दुप्पट होती.

फिजिओताई:

रानजाई, मापं इतकी नीट दिल्याबद्दल आभार, इथे बहुतेक जण फक्त "चांगली सुचवा" लिहितात. पण घराची मापं दिलीत, त्यांची नाही. खुर्ची आधी अंगाला बसली पाहिजे.

सीटची रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी अधिक साधारण एक इंच. "मोकळं बसता येईल" म्हणून मोठी घेऊ नका. पोलिओत बऱ्याचदा पाठीचा कणा एका बाजूला झुकलेला असतो, मोठ्या सीटमध्ये तो आणखी झुकतो. खोली अशी हवी की सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं राहतील. दोन्ही पायांची लांबी वेगळी असेल, म्हणून फूटरेस्ट स्वतंत्रपणे वर-खाली होणारे हवेत. आर्मरेस्ट वर उचलता आला पाहिजे आणि उशी ठेवून सीटची उंची पलंगाइतकी आली पाहिजे, म्हणजे अंग उचलावं न लागता सरकता येईल. उजवा खांदा असा असताना हे सगळ्यात महत्त्वाचं. खुर्ची उंच पडत असेल तर पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, हजार-बाराशेत काम होतं.

जॉयस्टिक डाव्या हाताला बसवून मागा. बहुतेक खुर्च्यांत बाजू बदलता येते, पण दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बाजूला सरकणारी जॉयस्टिक मिळाली तर जेवणाच्या टेबलाखाली नीट जाता येतं.

पोलिओत त्वचेची संवेदना शाबूत असते, त्यामुळे निवडुंग यांच्यासारखी बेडसोरची (एका जागी बसून होणाऱ्या जखमांची) भीती त्यांना कमी. तरी फोमची साधी उशी वर्षभरात बसते, ती बदलत राहा. कधी मुंबईला जाणं झालं तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत खुर्चीची मापं आणि बैठक तपासून घ्या, हे त्यांचं रोजचं काम आहे.

आणि एक घरगुती उपाय. खुर्चीची लांबी-रुंदी घेऊन पुठ्ठा कापा आणि पॅसेजमधून बेडरूममध्ये सरकवत न्या. जिथे पुठ्ठा अडेल तिथेच खुर्ची अडेल.

सह्याद्री_७२:

बॅटरीबद्दल. लेड-अॅसिड रोज रात्री पूर्ण चार्ज करायची, वापर थोडा झाला असला तरी. अर्धी उतरलेली आठवडाभर ठेवली की आतून खराब होते. लिथियमला एवढा जाच नाही. कॅटलॉगमधलं अंतर सपाट जमिनीवरचं असतं. साताऱ्याच्या चढाला निम्मं धरा. तुमच्या दोन किलोमीटरांना तरीही दोन्हीकडे भरपूर आहे.

विमानाचं गणित असं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. काढून केबिनमध्ये न्यायची लिथियम बॅटरी एकच असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६०. म्हणजे २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवर, २८८, चालेल. २४ व्होल्ट २० म्हणजे ४८०, चालणार नाही. "विमानात चालते" एवढ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, बॅटरीवरचा आकडा वाचा. पण वर्षातून एक-दोन प्रवासांसाठी रोजची खुर्ची ठरवावी का, याचा विचार करा. विमानतळावर खुर्ची आणि माणूस दोन्ही मिळतात.

पावसाचंही विचारा. जॉयस्टिकच्या डब्यात पाणी गेलं की खर्च मोठा असतो. आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असेल तर शिंतोडे सोसते, साताऱ्याचा जुलै नाही. प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड कायम खुर्चीला बांधलेले ठेवा.

तांबडीमाती:

आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओबोल्ट बघितलीत का? त्यांच्याच निओफ्लाय या हाताने ढकलायच्या खुर्चीला पुढे मोटरचं चाक जोडायचं, घरात काढून ठेवायचं. घर आणि रस्ता दोन्ही सुटतात. माझा भाऊ रोज कामावर जातो त्यावर.

फिजिओताई:

@तांबडीमाती, खांदे चांगले असतील तर उत्तम पर्याय आहे. पण घरात चाकं हातानेच ढकलायची आणि रस्त्यावर दोन्ही हातांनी हँडल धरायचं. यांच्यासाठी नको.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळे प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. निवडुंग यांचा "हात वर करून बसायचो" ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दुसरीच बघू.

पुठ्ठा कापला. पॅसेजमधून बेडरूममध्ये जाताना कोपरा अडतो, दोन इंचांनी. दाराचा पल्ला काढला तर सुटतो. पल्ला काढून पडदा लावायचं ठरलं. बाथरूमला २३ इंचांतून कुठलीच जात नाही, तिथे दारापर्यंत खुर्ची आणि पुढे वॉकरने चार पावलं, तेवढं अजून जमतंय. पुढे जमलं नाही तर चाकांची कमोड चेअर घेऊ आणि तेव्हा उंबरठाही फोडू.

रॅम्पचं मोठं कोडं आहे. १३ इंचांना एकास बाराच्या उताराने (एक इंच उंचीला बारा इंच लांबी) तेरा फूट लागतात आणि पायऱ्यांपुढे जागा नऊ फूट.

डोंबिवलीकर:

तेरा फुटांच्या जागी नऊ फुटांत बसवू नका. चढताना खुर्ची मागे कलते आणि एकट्या माणसाला ते धोक्याचं. मधे वळण घ्यायचं तर तिथे पाच बाय पाच फुटांचा सपाट चौथरा हवा. सोसायटीला लेखी अर्ज द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) असेल तर नगरपालिकेच्या पाच टक्के दिव्यांग निधीचीही चौकशी करा. बिलात जीएसटी पाच टक्केच लागलाय ना, तेही बघा.

रानजाई:

दहा दिवसांनी लिहितेय. पुण्याच्या दुसऱ्या विक्रेत्याने टेम्पोतून खुर्ची घरी आणली, चार तास थांबला, भाडं आम्ही दिलं. बेडरूममध्ये तिसऱ्या प्रयत्नात गेली, उलटी, म्हणजे मागे घेत. रस्त्यावर ह्यांनी चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबवून बघितली, जराही घसरली नाही. मी दहा पावलं मागून चालत होते, तर वळून म्हणाले, तू घरी जा. गेले. मग चाळीस मिनिटं मी दारात उभी. परत आले तेव्हा मांडीवर वाचनालयाची दोन पुस्तकं होती.

खुर्ची बुक केली, जॉयस्टिक डावीकडे बसवून. मोटर, कंट्रोलर (मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी लिहून घेतली, कंट्रोलरचा सुटा भाग किती दिवसांत मिळेल तेही. रॅम्पचा मार्गही ह्यांनीच शोधला. पायऱ्यांकडून नाही, मागच्या गॅलरीतून. गॅलरीचं दार ३३ इंच आहे आणि भिंतीच्या कडेने पार्किंगपर्यंत सरळ सोळा फूट मिळतात. सोसायटीने होकार दिलाय.

आता एकच विचारायचंय. रॅम्पला लोखंडी चेकर्ड प्लेट टाकावी की सिमेंटचा कोबा?

निवडुंग:

कोबा. ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. लोखंडी पत्रा पावसात घसरतो आणि येता-जाता सगळ्या इमारतीला आवाज ऐकू जातो. दोन्ही कडांना तीन-चार इंचांचा कठडा बांधायला सांगा, चाक कडेवरून उतरता कामा नये. आणि गॅलरीच्या दाराला आतून-बाहेरून बसल्या हाताला येईल एवढ्या उंचीवर कडी लावा.

रानजाई:

कडीचं सुचलंच नव्हतं. आताची कडी माझ्या खांद्याच्याही वर आहे. उद्याच सुताराला बोलावते.