समाजमाध्यमांवर तुमची ओळख कशी उभी राहिली? (अनुभव धागा)

आपले काम, कला किंवा अभ्यासाचा विषय घेऊन समाजमाध्यमांवर नियमित येणाऱ्यांनी आपले अनुभव मांडावेत. फॉलोअर वाढवण्याच्या क्लृप्त्या चोहीकडे मिळतात; लोक आपल्याला नेमके कशासाठी ओळखू लागले आणि ते कशामुळे घडले, एवढेच येथे लिहावे.

येवला, हातमाग विणकर
आमच्या घरात पैठणी विणली जाते. सुरुवातीला मी इन्स्टाग्रामवर फक्त तयार साड्यांची छायाचित्रे टाकत असे आणि तीच छायाचित्रे लावून कोणीतरी यंत्रमागावरच्या साड्या विकत असल्याचे ग्राहकांकडून कळत असे. मग मी पदर उलटा करून दाखवू लागलो. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर मागच्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचे रेशीम आपापल्या जागी हाताने गुंतवलेले असते. यंत्रमागाच्या साडीमागे मात्र सुट्या किंवा कापलेल्या धाग्यांचा पसारा असतो. हा फरक दाखवणारी चित्रफीत लोकांनी आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवली आणि तेव्हापासून ‘केवढ्याला?’ या प्रश्नाआधी ‘आमच्याकडची साडी खरी आहे का, बघाल का?’ अशी विचारणा येऊ लागली. साडी दुसऱ्याकडून घेतलेली असली तरी मी उत्तर देतो. तो वेळ फुकट जातो असे धाकट्या भावाचे मत आहे; लग्नसराईतल्या मोठ्या ऑर्डरी मात्र बऱ्याचदा याच माणसांकडून आल्या आहेत.

ठाणे, कर सल्लागार
क्रिकेटपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर मत देणे बंद केले आणि केवळ आयकराविषयी लिहू लागलो. फॉलोअर घटले, कामाचे फोन वाढले.

देवगड, आंबा बागायतदार
व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत नाहीसे होते म्हणून त्याला कोणी मोजत नाही, पण माझे बहुतेक ग्राहक तेच पाहतात. ऐन हंगामात पेट्यांचे फोटो टाकण्यापुरता न उगवता, मी मोहोर, तुडतुड्यांवरची फवारणी आणि उन्हाच्या तडाख्याने झालेली फळगळ हे सारे जसे असेल तसे दाखवतो. ज्याने झाडाखालचा कैऱ्यांचा सडा पाहिला आहे, त्याला पेटीचा भाव का चढला हे निराळे समजवावे लागत नाही.

सातारा जिल्हा, शेतीवरचे विनोदी व्हिडिओ
२९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर देशात बंदी आली आणि माझे सगळे प्रेक्षक एका रात्रीत गेले. पुढच्याच महिन्यात रील्स सुरू झाले, तरी तेथे पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. आमच्या बांधावरच्या भांडणाच्या मालिकेतले पात्र लोकांच्या लक्षात होते, माझे नाव कोणालाच आठवत नव्हते! म्हणून हल्ली प्रत्येक व्हिडिओत ते पात्र मला माझ्या पूर्ण नावानेच हाक मारते. तोच व्हिडिओ यूट्यूबवरही टाकतो.

कोल्हापूर, पाककृती
एका मसाल्याच्या कंपनीने पैसे देऊ केले, तेव्हा त्यांना जाहिरातीचा उल्लेख नको होता. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा मजकूर जाहिरात असल्याचे ठळकपणे सांगावे लागते, म्हणून मी अडून बसले. अखेर व्हिडिओच्या सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असे सांगून पांढरा रस्सा केला. ‘ताई, पैसे घेऊन बोलता काय?’ असे काहींनी लिहिले. ‘होय, या व्हिडिओपुरते’ असे मी उत्तर दिले आणि त्याच उत्तराखाली बाकीच्यांनी खसखस किती घ्यायची ते विचारायला सुरुवात केली.