1683 ची गोवा स्वारी आणि टाईम मशीन: कथेत सायन्स कुठे घालू?

डिचोलीकर:
मंडळी, दिवाळी अंकासाठी एक कथा लिहितोय, मदत पाहिजे. विषय संभाजी महाराजांची 1683 ची गोव्याची स्वारी, पण पर्यायी इतिहास आणि त्यात सायन्स फिक्शन. पानिपतावर भरपूर लिहून झालंय, म्हटलं आपल्या दारातलं घेऊ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोर्तुगीज व्हाईसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याचा मराठ्यांचा किल्ला घ्यायला गेला, येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजवला, मग स्वतः महाराज आले आणि तो कसाबसा जीव वाचवून परतला. नंतर 24 नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठ्यांनी जुवे बेट घेतलं (आजचं सांतेस्तेव हो), दुसऱ्या दिवशी व्हाईसरॉय ते सोडवायला आला आणि मार खाऊन पळाला, महाराज पाठलाग करत घोड्यासकट पाण्यात उतरले पण भरती चढलेली, घोडा पोहायला लागला, महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी वाचवलं. म्हणजे ओल्ड गोवा, पोर्तुगीजांची राजधानी, हाकेच्या अंतरावर आणि मध्ये फक्त पाणी!
माझा हीरो 2040 चा पणजीचा इंजिनिअर, टाईम मशीनने तिथे पोचतो आणि... इथेच अडलोय. त्याच्या हातात काय देऊ? ड्रोन दिले तर कथा दोन पानांत खलास.

रायबंदरचा पाव:
द्या की ड्रोन, कोण अडवतंय. चार्जिंग कुठे करणार ते फक्त लिहा.

खाजनातला:
ड्रोन सोडा बाब. तुमच्या गोष्टीत खरा शत्रू पाणी आहे तर सायन्सपण पाण्यातलंच घ्या ना. मी 29.53 दिवसांच्या हिशेबाने अमावास्या मोजत मागे गेलो, तर 24 नोव्हेंबर 1683 येतो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या आसपास. म्हणजे भांग, छोट्या भरती-ओहोटीचे दिवस. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही, आमच्याकडे मानशीवर (खाजन शेताच्या बांधातलं पाण्याचं दार) जाळं लावणारे त्या दिवसांत लावायचं म्हणून लावतात.
आता खरी मजा ऐका. पोर्तुगीजांनी 1582 पासूनच ग्रेगरियन कॅलेंडर घेतलेलं, इंग्रज मात्र तेव्हा जुन्या ज्युलियनवर, दोघांत 10 दिवसांचा फरक. आणि इंग्रजांची वखार होती कारवारला. तुमच्या इंजिनिअरने मशीनमध्ये 24 नोव्हेंबर टाकलं पण मशीन इंग्रजी कॅलेंडरवर सेट असेल, तर तो उतरणार पोर्तुगीजांच्या 4 डिसेंबरला, आणि तेव्हा पौर्णिमा (एखादा दिवस मागेपुढे धरा). पौर्णिमा म्हणजे उधाण! पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली जातं, पहाटेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखल उघडा. तारखेच्या घोळामुळेच वाट सापडते, याहून चांगलं सायन्स कुठून आणणार?

डिचोलीकर:
हे भारीच! लगेच लिहून घेतलं. पण मग ते 25 तारखेचं घोडा-पाणी प्रकरण होऊनच गेलेलं असणार की.

खाजनातला:
होऊ दे की, उलट बरं. महाराजांनी एकदा पाण्याचा हिसका बघितलेला असेल तर या अनोळखी माणसाचं ऐकतील तरी.

फोंडेकरीण:
आयडिया चांगली आहे पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली, चांदणं. सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, म्हणजे जुव्यावर गेले तेव्हा उत्तररात्र काळोखी मिळाली. पौर्णिमेला लख्ख उजेड, पलीकडचा पहारेकरी काय डोळे मिटून बसणार? पाणी आटलं तरी उजेड वाढला, ही ओढाताण कथेत आणाच, नाहीतर सगळं फार सोपं होईल.
दुसरी मोठी. महाराज फक्त पाण्यामुळे परत गेले असं दाखवू नका. डिसेंबरात मराठे साष्टी-बारदेशात, पोर्तुगीजांच्याच मुलखात, शिरलेच होते. माघार घ्यावी लागली कारण औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने उतरला, जानेवारी 1684 मध्ये डिचोलीत. तुमच्याच गावात! ओल्ड गोवा पडला असं धरलं तरी महिन्याभरात मोगल दारात, आणि मांडवीच्या तोंडावर आग्वाद आणि रेइश मागूश हे किल्ले पोर्तुगीजांकडेच. मग शहर जिंकून करायचं काय? शाह आलमच्या फौजेचे नंतर रामघाटात उपासमारीने आणि रोगराईने हाल झाले. मोगलांना येणाऱ्या धान्याच्या गलबतांची वाट मराठ्यांच्या हातात असती तर ते हाल आधीच डिचोलीत झाले असते का, तुमचा पर्यायी इतिहास मला तरी तिथे दिसतो. चर्चवर झेंडा वगैरे काढून टाका, ते कुणीही लिहील.
आणि हो, व्हाईसरॉयने ओल्ड गोव्यातली सेंट झेवियरची शवपेटी उघडून त्यांच्या हातात आपला राजदंड ठेवला तो प्रसंग घेणार असाल तर टिंगल नको. गोंयचो सायब आहे तो, आपल्याही घरातली माणसं मेणबत्ती लावायला जातात. घाबरलेला सत्ताधारी म्हणून लिहा, प्रसंग जबरदस्त आहे.

वास्कोवाला:
मला विचाराल तर 1683 सोडा, 1943 घ्या. मुरगाव बंदरात एरेनफेल्स नावाचं जर्मन जहाज अडकून पडलेलं, पोर्तुगाल तटस्थ, जहाजावरून पाणबुड्यांना रेडिओवर खबर जाते असा इंग्रजांचा संशय, 9 मार्चच्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या वयस्कर हौशी घोडेस्वारांनी जहाजावर हल्ला केला आणि जर्मनांनी आपलंच जहाज बुडवलं. त्या रेडिओवर भविष्यातले सिग्नल यायला लागले असं करा.

डिचोलीकर:
वास्कोवाले, ते पुढच्या वर्षी, नाहीतर तुम्हीच लिहा.
फोंडेकरीण ताई, पटलं. पण मग इंजिनिअरचा उपयोग काय? भरती-सुकती तर इथल्या खारव्यांना, मानशीवाल्यांना त्याच्याहून जास्त कळते.

फोंडेकरीण:
अगदी! म्हणून पाण्याचं काम गावातल्या कुणाला तरी द्या, खाजनातल्यांसारख्या. इंजिनिअरकडे एकच गोष्ट आहे जी तिथे कुणाकडे नाही, शाह आलम जानेवारीत येऊन पोचणार ही पक्की बातमी. ती सांगितली तर महाराज कदाचित नदी ओलांडणारच नाहीत, आत्ताच घाट अडवायला माणसं पाठवतील, मग ओल्ड गोवा राहतो तसाच. नाही सांगितली तर शहर मिळतं आणि फौज अडकते. त्या पौर्णिमेच्या रात्री त्याला हे ठरवायला लावा.

खाजनातला:
आणि सुकती काही त्याच्यासाठी थांबणार नाही, तेव्हा विचार करायला तासभरच द्या. गावातल्या माणसाला नाव द्या हं, नुसता ‘म्हातारा कोळी’ नको.